अकरा खेपा

जत्रेला बारा दिवस उरले होते आणि नाव वाळूत बसली होती.

नावाड्याने बांबू पाण्यात उभा करून पाहिला. पाणी त्याच्या घोट्याला लागलं, पोटरीपर्यंत आलं नाही. पलीकडून एक कुत्रं नदीतून चालत आलं, मधे थांबून पाणी प्यायलं, अंग झटकलं आणि नावेच्या सावलीत येऊन निजलं. नावाडी त्याच्याकडे बघत राहिला. एकोणचाळीस वर्षांत उतारू न होता पलीकडून आलेला हा पहिलाच जीव.

"चाळीस पावलांची नदी," तो बायकोला म्हणाला, "आणि कुत्र्याचं पोट भिजलं नाही."

नावाडीण भांडी घासत होती. तिने मान हलवली, चेहरा दुःखी केला. पण आत कुठेतरी तिला गुदगुल्या झाल्या होत्या. नाव चालणार नाही म्हणजे नावेतलं पाणी उपसावं लागणार नाही. पाणी उपसायचं नाही म्हणजे जत्रेच्या दिवशी हात मोकळे. आणि हात मोकळे म्हणजे या वर्षी आपल्याला जत्रा बघायला मिळणार.

लग्न होऊन या काठावर आली त्याला एकतीस वर्षं झाली होती. जत्रा भरायची पलीकडे, काठापासून हाकेच्या अंतरावर, पण मधे एक टेकाड. त्या टेकाडामागचं काही दिसत नसे. ढोल ऐकू यायचा, धूर दिसायचा, वाऱ्याची दिशा बरी असली तर जेवणाचा वास यायचा. बाकी जत्रा तिने पाहिली ती नावेतल्या माणसांवरून. नावेला जुनी गळती होती. दर खेपेला ती तळाशी बसून डब्याने पाणी बाहेर टाकायची, आणि तिथून माणसांचे पाय, बोचकी आणि हनुवट्या चांगल्या दिसायच्या. कोण काय घेऊन गेलं आणि काय घेऊन आलं, हा जमाखर्च तिला तोंडपाठ होता. गेल्या वर्षी जाताना सात कोंबड्या होत्या, येताना दोन. जाताना एक रुसलेली सून होती, येताना तीच सून सासूच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली. जाताना छत्र्या तीन, येताना चार. ही चौथी कुणाची, ते अजून कळलं नव्हतं.

विचारायची मात्र ती सगळ्यांना. "काय असतं हो तिथं?"

कुंभार म्हणाला होता, "बाजार असतो, दुसरं काय? वर्षभराची मडकी एका दिवसात खपतात."

म्हातारी दाई म्हणाली होती, "रडायची जागा आहे ती. ढोल वाजत असताना रडलं की कुणी विचारत नाही, काय झालं म्हणून."

एक नवी नवरी म्हणाली, झोपाळा असतो. एक जण म्हणाला, मान असतो. मीठवाला म्हणाला, जेवण. आणखी एकाने नुसते डोळे मिचकावले.

इतकी माणसं इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी जातात आणि नाव मात्र एकाच काठाला लागते, हे कोडं तिला एकतीस वर्षं सुटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. त्याला मुलाने पाठवलं होतं. नावाड्याचा मुलगा शहरात वीटभट्टीवर होता. त्याचा निरोप असा होता, की नदीचं आता काही खरं नाही, नाव मोडून फळ्या विका, आणि आईला, हिला घेऊन इकडे या. 'ही' म्हणजे त्याची बायको, नावाड्याची सून. ती तिथेच दोर वळत बसली होती. तिने निरोप ऐकला आणि दोराला एक पीळ जास्त दिला.

सुताराने नावेला बोटांनी टकटक केलं, जसं कुणी टरबूज निवडताना करतं. "लाकूड जुनं आहे पण मेलेलं नाही. चार दारं निघतील. एक पाळणासुद्धा."

"पाळण्याचं काय एवढं?" सून म्हणाली. "आधी नवरा तर घरी येऊ दे."

सुतार खोकला. "जत्रेनंतर येतो हत्यारं घेऊन."

नावाडी नावेला हात लावून उभा होता. तो म्हणाला, "आणि जत्रेच्या दिवशी नाव चालली तर?"

"वाळूत?"

"कशातही. लोक बसले आणि नाव चालली तर?"

"तर मोडणार नाही," सुतार म्हणाला. "तुझ्या मुलाला मी सांगेन. लोक बसतात ती नाव. लोक बसत नाहीत ते जळण."

सुतार गेला. नावाडी जेवला नाही. संध्याकाळी म्हणाला, "बांध घालू."

त्याचा हिशेब सोपा होता. नाव लागते त्या उतारापासून वीस पावलं खाली दगड आणि वाळूची पोती रचून नदी अडवायची. वरून येणारं थोडंथोडं पाणी तुंबेल, मांडीइतकं होईल. नावेचा तळ सपाट, तिला तेवढं पुरे.

"म्हणजे यंदाही मी पाणीच उपसायचं," नावाडीण म्हणाली.

"मग? दुसरं काय करणार होतीस?"

"काही नाही," ती म्हणाली आणि पोती मोजायला उठली.

आठ दिवस ती तिघं नदीत होती. नावाडी पहारीने दगड उपटायचा, सासू-सुना वाळू भरायच्या. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले, तिसऱ्या दिवशी फुटले, पाचव्या दिवशी त्यांची कुणी चौकशी करेनासं झालं. ऊन पाठीवर असं बसायचं, की जणू भाडं देऊन बसलंय. नावाडिणीच्या कमरेत एक जागा होती, ती वाकताना गप्प राहायची आणि उठताना ओरडायची. ती पोतं उचलायची, ठेवायची, आणि प्रत्येक पोत्याबरोबर तिची जत्रा एक वीत लांब जायची. हे तिला कळत होतं. तरी तिने एकही पोतं अर्धं भरलं नाही.

"सासूबाई," सून म्हणाली, "तुम्हाला जायचं होतं ना पलीकडे?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगेल? नदी आटली त्या रात्री तुम्ही पेटीतून नवं लुगडं काढून उन्हात घातलंत. रात्री ऊन नव्हतं."

"वाळू भर," सासू म्हणाली.

बांधाच्या मधोमध त्यांनी हातभर रुंद वाट ठेवली. जास्तीचं पाणी तिथून खाली जायचं. नाहीतर बांध फुटला असता. जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी नाव हलली. आधी नुसती कुरकुरली, मग मागचा भाग उचलला गेला, आणि मग ती पूर्ण तरंगली, म्हातारं माणूस खाटेवरून उठतं तशी, आधार शोधत. नावाड्याने डोळे पुसले आणि वाळू गेल्याचं सांगितलं.

तेवढ्यात 'मोठे' आले. गावात सगळे त्यांना मोठे म्हणायचे. इस्टेटीने की पोटाने, हे विचारायची रीत नव्हती. ते सकाळी पलीकडे मंडप बघायला घोट्याइतक्या पाण्यातून गेले होते आणि परत येताना नदी त्यांना मांडीपर्यंत भेटली होती. मागून दोन माणसं त्यांचे जोडे डोक्यावर घेऊन येत होती.

"काय रे," मोठे म्हणाले. "वाट बुडवलीस?"

"नाही मालक, नाव..."

"लोक चालत जातील, तुला कुणी विचारणार नाही, म्हणून पाणी अडवलंस. गावाला वेठीला धरतोस? जत्रेच्या तोंडावर?"

नावाड्याला खरं तर तसंच करायचं होतं, पण असं म्हणायचं नव्हतं. तो खाली बघत राहिला. मोठ्यांच्या धोतरातून पाणी गळत होतं आणि त्याचं बरोबर नावाड्याच्या पायाशी तळं होत होतं.

मग मोठ्यांची नजर बांधावर गेली. ते बघत राहिले. हसले.

"अरे, पण तू तर पूलच बांधलायस!"

तिघांनीही वळून पाहिलं. आठ दिवस ती त्या बांधाकडे पाण्याच्या बाजूने बघत होती. वरून कुणी पाहिलंच नव्हतं. या काठापासून त्या काठापर्यंत, पाऊल मावेल इतका रुंद, कोरडा, पोती छान दाबून बसवलेला. मधे फक्त पाण्याच्या वाटेचं हातभर भगदाड.

"तेवढ्यावर एक फळी टाक," मोठे म्हणाले. "उद्या सगळे यावरूनच जातील."

"फळी कुठून आणू मालक?"

मोठ्यांनी नावेकडे बोट केलं. नावेच्या मधोमध आडवी फळी होती, बसायची. तिच्यावर अर्धी माणसं बसायची, उरलेली तिच्या पाठीला टेकून. ती काढली तर नाव म्हणजे नुसती परात.

नावाड्याने स्वतःच्या हाताने ती काढली. चाळीस वर्षं लोकांच्या बुडांनी घासून ती आरशासारखी झाली होती. त्याने ती भगदाडावर ठेवली, पायाने दाबून पाहिली आणि म्हणाला, "हलत नाही." मग घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला.

सून म्हणाली, "डोकं चालवायला आपल्याला कुणी सांगितलं होतं?"

सकाळी लोक आले. एकामागे एक बांधावर चढले आणि एकामागे एक पलीकडे उतरले. ज्याला जेव्हा वाटलं तेव्हा तो गेला, आपापल्या माणसांबरोबर. दर वर्षी असं नसायचं. दर वर्षी नावाडी काठावर उभा राहून माणसं तोलायचा. "एक जाडं इकडे, दोन बारीक तिकडे. तुम्ही थांबा, नाव एका अंगाला जातेय. ओ दाई, तुम्ही या, तुमच्याएवढीच जागा आहे." त्यात लहान-मोठं, आपलं-परकं काही नव्हतं, फक्त वजन होतं. मोठ्यांच्या समोर नेहमी तीन मजूर बसायचे, कारण तेव्हा कुठे काटा सरळ यायचा. थोरला आणि धाकटा म्हणून दोन भाऊ होते, शेताच्या धुऱ्यावरून भांडून नऊ वर्षं अबोला धरलेले. देवाने दोघांना अंगलट सारखीच दिली होती, त्यामुळे एक डावीकडे बसला की दुसरा उजवीकडे लागायचाच. बारा माणसं झाली की नावाडी ओरडायचा, "पहिली खेप!" मग दुसरी, तिसरी, अशा अकरा. नावाडिणीला वाटायचं, नवऱ्याला मिरवायची हौस आहे. परतताना लोकसुद्धा हसत म्हणायचे, "आम्ही चौथ्या खेपेचे!" तीही त्यांची गंमत असेल, असं ती समजत होती.

आज नाव पाण्यावर रिकामी डोलत होती. नावाडी तिच्यात बांबू घेऊन उभा होता. लोक बांधावरून त्याला हात करत होते, काही जण तर "बांध झकास झालाय हं!" असं मनापासून सांगत होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सुतार गेला तेव्हा त्याने मात्र नावेकडे पाहिलं नाही.

शेवटचा माणूस गेल्यावर नावाडी खाली बसला. म्हणाला, "जा. बघून ये तुझी जत्रा."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"एकतीस वर्षं प्रत्येक माणसाला तेच विचारतेस. मी काय बहिरा आहे?"

ती लुगडं नेसली आणि बांधावर चढली. फळीवर पाय ठेवताना तिने चप्पल काढली.

टेकाड चढून उतरली तर जत्रा होती. झोपाळा होता. मडकी होती, ढोलवाले होते, तिने कल्पना केली होती त्यापेक्षा रंग जास्त आणि जागा कमी. ती डोळे मोठे करून फिरली. पण थोड्या वेळाने तिला वाटलं, काहीतरी राहिलंय. ढोलवाले ढोल मांडीवर घेऊन बसले होते, वाजवत नव्हते. वरच्या आळीचे लोक वरच्या आळीच्या लोकांत उभे होते, मजूर मजुरांत. थोरला या टोकाला, धाकटा त्या टोकाला. सगळे एकाच बाजूला बघत होते.

तिकडे मंडपात भांडण चाललं होतं.

मंडपात अकरा लांब चटया अंथरल्या होत्या. चुलीवर भलंमोठं पातेलं होतं आणि त्याच्या बाजूला आचारीण उभी होती, हातात कोपरापर्यंत येईल एवढी पळी. म्हातारी, काटकुळी, पण आवाज असा की पातेलं घुमावं.

"मला ते सांगू नका," ती म्हणत होती. "मी खेपेनं वाढते. पहिली खेप पहिल्या चटईवर. ती जेवली की तिनं गाणं धरायचं, दुसरीनं उत्तर द्यायचं. माझ्या सासूनं असंच वाढलं, मी असंच वाढते. पहिली खेप कोण?"

"मी पहिला आलो," मोठे म्हणाले. ते आपल्या घरच्या अकरा माणसांसह पहिल्या चटईवर बसलेसुद्धा होते.

"तुम्ही पहिले?" थोरला म्हणाला. "आमच्या घरची माणसं तुमच्या आधी फळीवर होती."

"फळीवर आधी होतो तो मी," धाकटा तिकडून ओरडला. नऊ वर्षांत त्याने भावाच्या वाक्याला दिलेलं हे पहिलं उत्तर.

"मजुरांनी कुठं बसायचं?"

"शेवटी बसा की."

"का? शेवटी का? गेल्या वर्षी मी पहिल्या खेपेला होतो!"

"गेल्या वर्षी तुझं वजन तेवढं होतं!"

तिसऱ्यांदा चटया भरल्या आणि तिसऱ्यांदा लोक उठले. दुसऱ्या चटईवर बसायला कुणी तयार नव्हतं, आणि पहिलीवर बसलेल्यांना बाकीचे बसू देत नव्हते. इतकी वर्षं ज्याला जी चटई मिळाली ती त्याने घेतली होती. ती नदीने दिलेली असायची, आणि नदीशी कोण भांडणार? पातेल्यावर साय धरली होती. ढोलवाल्यांपैकी एक झोपला.

नावाडीण हे सगळं बघत होती. तिला आधी हसू आलं, मग ते थांबलं. आपल्याच घरात आजवर न पाहिलेली एक खोली अचानक सापडावी, तसं काहीतरी झालं.

आचारणीचं लक्ष तिच्याकडे गेलं. "तू कोण गं? तुला कधी पाहिली नाही."

"मी नावेतली."

"कोणत्या खेपेची?"

"सगळ्या," नावाडीण म्हणाली.

आचारणीने पळी खाली ठेवली. "मग इथे काय करतेस? माझ्या खेपा कुठायत?"

सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. नावाडिणीला इतक्या माणसांनी एकदम कधी पाहिलं नव्हतं. आजवर पाहिलं ते वरून, आणि तिने पाहिलं ते खालून. तिला काही मोठं बोलायचं नव्हतं आणि सुचलंही नाही. ती एवढंच म्हणाली, "नाव मोकळीच आहे. पाणी पण आहे."

मोठे म्हणाले, "म्हणजे? आलेल्या माणसांनी परत जाऊन परत यायचं? लोक हसतील."

"कोण हसेल?" म्हातारी दाई म्हणाली. "लोक म्हणजे आपणच ना? सगळे इथेच आहोत." ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून. "माझे पाय दुखतात. मी बसून येते. आणि पहिली खेप माझी, आधीच सांगते."

"का? पहिली तुमची का?" कुंभार म्हणाला आणि तिच्या मागे निघाला. त्याच्या मागे मीठवाला. मग दोन्ही भाऊ, एकमेकांच्या आधी पोचायचं म्हणून जवळजवळ धावत.

नावाडी नावेत पडून आभाळ बघत होता. सून बांधाजवळ पाय पाण्यात सोडून बसली होती. तिने टेकाडावर पाहिलं आणि उभी राहिली.

"मामंजी," ती म्हणाली, "जत्रा इकडे येतेय."

भूक लागली म्हणून जेवणापासून लांब चालत निघालेली सव्वाशेवर माणसं टेकाडावरून उतरली, एक एक करत फळीवरून अलीकडे आली आणि नावेसमोर ढकलाढकली करत उभी राहिली. नावाडी उठला. त्याने बांबू हातात घेतला, पण नाव पुढे आणली नाही.

"बसणार कशावर?" तो म्हणाला. "माझी फळी तिकडे आहे."

पण फळी काढायची तर शेवटचा माणूस आल्याशिवाय काढता येत नव्हती. सगळे शेवटच्या माणसाची वाट बघू लागले. शेवटचे म्हणजे मोठे. ते मंडपात पहिल्या चटईवर एकटे बसून राहिले होते, बराच वेळ, आणि आचारीण त्यांना वाढत नव्हती. अखेर ते टेकाडावर दिसले. सावकाश उतरले. बांधावर चढले, फळी ओलांडली, आणि ओलांडून झाल्यावर कळलं, की आता आपल्या मागे कुणी नाही आणि समोर सव्वाशेवर माणसं आपल्याकडे बघतायत.

ते वाकले. फळी उचलली. ती दिसते त्यापेक्षा जड होती. खांद्यावर घेऊन, एका हाताने धोतर सांभाळत, बांधावरून काठावर आले आणि नावाड्यासमोर उभे राहिले.

"कुठे ठेवू?"

"मालक, मधोमध. गुळगुळीत बाजू वर."

नावाडीण मात्र परत आली नव्हती. गर्दी सुटली तेव्हा ती टेकाडावर चढली होती आणि तिथेच राहिली. नाव तिने हजारदा आतून पाहिली होती. समोरून येताना कधीच नाही. ती आता येत होती, काठोकाठ भरलेली, माणसांच्या पाठी नव्हे तर तोंडं दिसत होती. तळाशी सून डबा घेऊन बसली होती. सुतार पहिल्या खेपेत होता. गळतीच्या बरोबर वर त्याची जागा आली होती, आणि तो डोक्याचं फडकं सोडून त्या फटीत कोंबत होता, वर नावाड्यालाच बोलत होता: "काय रे हे? उद्या डांबर घेऊन येतो. असं ठेवतात का?"

थोरला डावीकडे होता, धाकटा उजवीकडे.

"पहिली खेप!" नावाडी ओरडला. टेकाडामागे ढोल सुरू झाला.

मोठ्यांची अकरावी खेप आली. ते अकराव्या चटईवर तीन मजुरांच्या समोर बसले आणि त्यांनी एक अवाक्षर काढलं नाही. उलट गाण्याचं शेवटचं उत्तर त्यांच्याकडे आलं, तेव्हा त्यांचा आवाज बरा निघाला.

संध्याकाळी नाव बांधून झाल्यावर सासू-सुना काठावर पाय चेपत बसल्या. सुनेच्या हाताला डब्याच्या कडीचा वण उठला होता. ती तो चोळत होती.

"सासूबाई," ती म्हणाली, "काय असतं हो तिथं?"

नावाडिणीने विचार केला. बाजार म्हणावं, तर होता. रडायची जागा, तीही होती. ढोल वाजू लागल्यावर दाई खरंच कोपऱ्यात जाऊन मनसोक्त रडली होती. सगळ्यांचंच खरं होतं. गेल्या वर्षीची चौथी छत्री कुणाची, तेही कळलं होतं. आचारणीच्या दोन खुंट्यांपैकी एकीवर छत्री होती आणि दुसरी रिकामी.

"सांगून कळायचं नाही," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी तू जा. पाणी मी उपसते."